साक्षीदाराची रिकामी ओळ

अलास्का हे राज्य महाराष्ट्रापेक्षा एक वर्ष आणि चार महिन्यांनी मोठं. मी इथे आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात हे गणित केलं होतं आणि का कोण जाणे, मला जरा बरं वाटलं होतं. दोन्ही राज्यं माझ्या वडिलांपेक्षा लहान. अँकरेजमध्ये किराणा घेताना रांगेतली एखादी आजीबाई सहज सांगते की ती या राज्यापेक्षा मोठी आहे, आणि ते खरं असतं.

राज्य तरुण आणि माणसं थोडी, त्यामुळे सेनेटर हा इथे नुसता टीव्हीतला माणूस नसतो. कोणी त्याला विमानतळावर बॅग ओढताना पाहिलेलं असतं, कोणाच्या पुतणीच्या लग्नात तो जेवून गेलेला असतो. त्या वर्षी आमचे सेनेटर पुन्हा उभे होते आणि लढत चुरशीची होती. ऑगस्टपासून माझ्या टपालपेटीत प्रचाराची त्रेसष्ट कार्डं आली. मी मोजली, कारण मोजायची मला सवय आहे. राज्याच्या रस्ते खात्यात रस्त्याखालची जमीन किती गोठली आहे याची तापमानं घेणं हे माझं काम. मी मत विरोधकाला देणार होतो. सेनेटरांविरुद्ध माझ्याकडे काही नव्हतं. एका खुर्चीत कोणी फार वर्षं बसू नये, एवढंच माझं म्हणणं.

काकांचं म्हणणं वेगळं होतं.

काका माझ्या नात्यातले नव्हते. आमच्या गणपतीच्या यादीत मराठी घरं अकरा, त्यातलं सगळ्यांत जुनं घर त्यांचं, माझ्या घरामागे दोन गल्ल्या सोडून. ते अमरावतीचे. डॉक्टर म्हणून इथे आले आणि चाळीस वर्षं चार आसनी विमानांतून खेड्यापाड्यांत फिरून लोकांना तपासत राहिले. मला भेटले तेव्हा निवृत्त झाले होते. एकुलती एक मुलगी टेक्सासात अर्विंगला, तिचा संसार तिकडेच. काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या.

काकूंच्या शेवटच्या आजारात त्यांना एकच ध्यास लागला होता, धाकट्या बहिणीला बघायचं. बहीण अमरावतीला. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आठ महिन्यांनंतरची, आणि काकूंच्या हातात आठ महिने नाहीत हे काकांना डॉक्टर म्हणून ठाऊक होतं. कोणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी सेनेटरांच्या इथल्या ऑफिसात फोन केला. तिथल्या एका बाईंनी कागद मागवले, पत्र पाठवलं, दर दोन दिवसांनी स्वतः फोन करून काय झालं ते सांगितलं. तीन आठवड्यांत बहीण अँकरेजला उतरली. काकू त्यानंतर चार दिवस होत्या. बहिणीने त्यांच्यासाठी गोळाभात केला. काकूंना घास गिळवत नव्हता, पण त्यांनी ताट उशाशी ठेवून घेतलं आणि फोडणीचा वास घेत राहिल्या. काका हे सांगत तेव्हा प्रत्येक वेळी 'चार दिवस' या शब्दांवर थांबत.

तोपर्यंत काका भारताचेच नागरिक होते. इतकी वर्षं ग्रीन कार्डावर काढली, कारण परत जायचं होतं. काकू गेल्यावर परत जायचं कारण संपलं आणि या चार दिवसांचं ओझं मात्र राहिलं. एका रविवारी चहा पिताना ते म्हणाले, "त्या माणसाला एकदा मत द्यायचं आहे. त्याच्यासाठी सिटिझन व्हावं लागलं तर होतो." मला वाटलं, म्हणताहेत. पण त्यांनी अर्ज केला, परीक्षेची पुस्तिका पाठ केली, टाय लावून शपथ घेऊन आले. भारतीय पासपोर्ट रद्द केल्याचा शिक्का मारून परत आला त्या दिवशी मी त्यांच्याकडे होतो. शिक्क्यावरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस एका मतासाठी काय काय करतो बाप्पा."

त्या उन्हाळ्यात आणि पुढे पानगळीत आमचे रविवार याच वादात गेले.

"काका, साधारण तीन लाख मतं पडणार," मी म्हणायचो. "त्यात एकाने काय फरक पडतो?"

"मग तू कशाला देतोस?"

"मी द्यायचं म्हणून देतो."

"आणि मी कशाला देतो ते तुला ठाऊक आहे. तुझं तिकडे, माझं इकडे. बेरीज शून्य."

"मग दोघंही घरी बसू. निकाल तोच."

"तू बस! मला सिटिझन व्हायला दीड वर्ष लागलं." आणि माझ्या बायकोकडे वळून, "अगं, याला समजाव. मास्तरांच्या पोटी जन्मला, पण अकलेचा एक मार्क नाही."

आमच्याकडे मतपत्रिकेवर पहिली, दुसरी अशी पसंती लावता येते. मी त्यांना म्हटलं, दुसरी पसंती तरी माझ्या माणसाला द्या. ते म्हणाले, "माझ्या लग्नात पण कोणी मला दुसरी पसंती विचारली नव्हती."

मास्तरांचा उल्लेख ते नेहमी करत. माझे वडील सांगली जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते आणि प्रत्येक निवडणुकीत त्यांना मतदान केंद्रावर ड्यूटी लागायची. एखादा नवरा बायकोसोबत मत द्यायच्या पुठ्ठ्याआड जाऊ लागला, तर वडील खुर्चीतून उठून त्याला हाताला धरून मागे आणत. स्वतःचं मत कोणाला दिलं ते त्यांनी आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. दुसऱ्याचं मत बघणं म्हणजे दुसऱ्याचं पत्र फोडणं, असं आमच्या घरात मानलं जाई.

ऑक्टोबरात काकांचं हृदय आणखी थकलं. जिना चढवेना, पावलांवर सूज राहू लागली. मतदान केंद्रावर जाणं शक्य नाही म्हणून त्यांनी टपालाने मतपत्रिका मागवली. मत टपालाने पाठवायचं तर पाकिटावर मतदाराने सही करायची, आणि ती सही आपल्यासमोर झाली असं लिहिलेल्या ओळीखाली एका साक्षीदाराने सही करायची. साक्षीदार मी, हे ठरलेलंच होतं.

निवडणुकीआधीच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे नऊ दिवस आधी, मी त्यांच्याकडे गेलो. रात्री बर्फ पडून गेलं होतं. काका जेवणाच्या टेबलाशी बसले होते, समोर मतपत्रिका, पाकीट, काळं पेन, चष्मा. मला म्हणाले, "बस."

"तुमचं होऊ दे," मी म्हटलं. "मी तोवर गाडीची वाट साफ करतो."

"अरे, मी कोणाला देणार ते तुला दीड वर्ष झालं माहीत आहे. लपवायचं काय आहे?"

"तरी," मी म्हटलं आणि फावडं घेऊन बाहेर गेलो.

बर्फ सहा इंच होतं. पंचवीस मिनिटं लागली. परत आत आलो तर काकांनी पाकीट चिकटवून, सही करून, तारीख टाकून, माझ्या बाजूला फिरवून ठेवलं होतं. पेन वर आडवं. चहाचं आधण चढवलेलं.

"कर सही."

मी ती ओळ वाचली. मतदाराने माझ्यासमोर सही केली, असं तिथे लिहिलं होतं.

"काका, तुम्ही सही केलीत तेव्हा मी बाहेर होतो."

"मग?"

"इथे 'माझ्यासमोर' असं आहे."

"खिडकीतून मी दिसत नव्हतो का तुला?"

"मी बघत नव्हतो. मुद्दामच."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग इतके हसले की त्यांना खोकला लागला. "चाळीस वर्षं मी या राज्यात माणसं जन्मल्याचे आणि मेल्याचे दाखले लिहिले. एवढा विचार मी त्या दाखल्यांना नाही केला रे! बरं, पुन्हा करतो सही. बघ डोळे फाडून."

त्यांनी पेन उचललं आणि मी त्यांचा हात धरला. एका ओळीवर दोन सह्या दिसल्या तर पाकीटच बाद करतील अशी मला भीती वाटली. मी म्हटलं, उद्या निवडणूक कार्यालयात विचारतो, नाहीतर नवी मतपत्रिका मागवू, नऊ दिवस आहेत. काका म्हणाले, "विचार बाबा. तुझ्या समाधानासाठी विचार." पाकीट त्यांनी फळांच्या वाडग्यात संत्र्यांखाली ठेवलं.

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी फोन केला. तिकडच्या बाई म्हणाल्या, काही अडचण नाही, त्यांना शेजारी पुन्हा सही करू द्या, तुम्ही बघा आणि तुमची सही करा. दोन मिनिटांचं काम. संध्याकाळी जाणार होतो. दुपारी बर्फावर पाऊस पडला आणि रस्त्यांची काच झाली. आम्हा सगळ्यांना उत्तरेच्या महामार्गावर बोलावलं, तिथे एका ठिकाणी रस्ता खचत होता. सोमवार, मंगळवार, बुधवार मी तिकडे होतो. बुधवारी काकांशी फोनवर बोललो. आवाज ओढल्यासारखा होता. "ये निवांत," म्हणाले. "पाकीट कुठे पळत नाही."

गुरुवारी सकाळी त्यांना श्वास घेता येईना. ॲम्ब्युलन्स त्यांनी स्वतःच बोलावली. मी परतलो तोवर त्यांच्या घशात नळी होती आणि औषधाने झोपवलेलं होतं. शुक्रवारी मुलगी अर्विंगहून आली.

पुढच्या मंगळवारी निवडणूक. सकाळी साडेसातला मी मुलांच्या जुन्या शाळेत जाऊन मत दिलं, जसं ठरवलं होतं तसं. तिथून काकांच्या घरी गेलो, नळ गोठू नयेत म्हणून बारीक धार सोडलेली असते ती बघायला. किल्ली माझ्याकडेच असे. पाकीट वाडग्यात होतं. एक संत्रं नासून त्याचा डाग पाकिटाच्या कोपऱ्याला लागला होता.

दुपारी ते कोटाच्या आतल्या खिशात घालून हॉस्पिटलात गेलो. मला वाटलं होतं, औषध कमी केलं असेल, जागे असतील, पेन धरतील. काकांच्या मुलीने माझ्याकडे बघून मान हलवली. "दादा, आज काहीच response नाहीये. They'll try again Thursday." तिला पाकिटाबद्दल मी काही बोललो नाही. तिच्या वडिलांच्या छातीत पाणी झालेलं असताना तिला मतपत्रिकेचं काय सांगायचं, असं मी स्वतःला सांगितलं.

चारला पोस्टाच्या आवारात गाडी लावली. उजेड जात होता. पाकीट स्टिअरिंगवर ठेवलं, पेन काढलं.

सही काकांचीच होती. तारीख खरी होती. मी त्याच घराच्या दारात होतो, त्यांच्यापासून फार तर तीस फुटांवर. त्या ओळीवर मी नाव लिहिलं असतं तर जगात कोणाचं नुकसान झालं नसतं, आणि न लिहिण्याने ज्याचं होणार होतं तो माणूस दोन मैलांवर नळी लावून पडला होता. हे सगळं मला त्या वेळीही दिसत होतं. पण जे मी बघितलं नाही ते बघितलं असं लिहायला हात उचलेना. तापमान घेतलं नाही त्या दिवसाचा रकाना मी रिकामा ठेवतो. शेजारच्या दोन दिवसांवरून आकडा भरणारे लोक मला ठाऊक आहेत, त्यांच्यावर मी टीका केलेली आहे.

हे माझं एक कारण. दुसरं मी इथे लिहितो, कारण ते वगळलं तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. पेन हातात असताना माझ्या मनात आलं, हेच मत माझ्या माणसाला असतं तर? तर मी सही केली असती का? नसती केली, असं मला वाटतं. पण खात्री विचाराल तर ती मला देता येत नाही. काका म्हणायचे त्या बेरजेत त्या संध्याकाळी शून्य उरणार नव्हतं. सकाळी मी माझं मत टाकून आलो होतो आणि त्यांचं माझ्या मांडीवर होतं.

साडेचारला आत जाऊन मी पाकीट खिडकीवर दिलं, माझी ओळ रिकामी ठेवून. त्या दिवसाचा शिक्का मारून घेतला. घरी ठेवलं असतं तर ते मी अडवलं असं झालं असतं. पाठवलं म्हणजे बाद करणारे दुसरे कोणी. एवढाच त्यातला फरक, आणि मी तो करून घेतला.

गुरुवारी नळी काढली. शुक्रवारी मी गेलो तेव्हा काका उशांना टेकून बसले होते. आवाज खरवडलेला. मुलगी कॉफी आणायला खाली गेली होती.

"गेलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं, काका. मंगळवारीच टाकलं. शिक्का त्याच दिवसाचा आहे."

त्यांनी डोळे मिटले. तसेच म्हणाले, "शिकलास शेवटी. मास्तरांना नको सांगू."

माझे वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी बोललो ती तिन्ही वाक्यं खरी होती. त्यांनी सहीबद्दल विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आमच्या राज्यात टपालाची मतं दूरदूरहून येतात, त्यामुळे मोजणी दोन आठवडे चालते. मुलगी रोज संध्याकाळी फोनवर आकडे वाचून दाखवायची. सेनेटर पुढे होते आणि आघाडी रोज थोडी वाढत होती. काका ऑक्सिजनच्या नळीतून हसायचे. "त्यातलं एक माझं," म्हणायचे. नर्सला सांगायचे, फिजिओथेरपीवाल्याला सांगायचे. जेवण घेऊन येणाऱ्या माणसालाही सांगितलं. अमरावतीला मेव्हणीला फोन लावून सांगितलं, "दिलं बरं का मी. तुझ्या ताईच्या वतीने दिलं." मी खिडकीशी उभा असायचो. तिथून पार्किंगचे तीन मजले आणि त्यामागे डोंगर दिसत.

त्या दिवसांत सांगायच्या संधी किती आल्या ते मी मोजलेलं नाही. एकदा ठरवून गेलोही होतो. ते झोपले होते. जागे होईपर्यंत थांबलो असतो तर चाललं असतं, पण मी वीस मिनिटांनी उठलो.

निवडणुकीनंतर अकराव्या दिवशी काका गेले. मोजणी तेव्हा संपली नव्हती. संपली तेव्हा सेनेटर काही हजारांनी निवडून आले होते. एका मताने काही बदलणार नव्हतं, हे सिद्ध झालं. त्या आकड्याकडे बघून मला जितकं हलकं वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही. अजिबातच वाटलं नाही.

जानेवारीत त्यांची मुलगी घर रिकामं करायला आली. आम्ही पुस्तकं खोक्यांत भरत होतो. ती टपालपेटीतला गठ्ठा घेऊन आत आली, एकेक पाकीट फोडू लागली आणि एकावर थांबली.

"दादा, this is weird. निवडणूक ऑफिसचं आहे. बाबांचं मत मोजलं नाही म्हणतात."

इथे ज्याचं मत बाद होतं त्याला कारण कळवणारं पत्र येतं. मला हे माहीत होतं. ते पत्र कुठल्या पत्त्यावर येईल याचा मी विचारच केला नव्हता.

"Witness signature missing," तिने वाचलं. "पण witness तर तुम्ही होतात ना?"

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं आणि तिला सगळं सांगितलं, रविवारपासून पोस्टापर्यंत, क्रमाने, वेळांसकट. ती टेबलाच्या कडेला टेकून ऐकत होती. मध्ये एकदाच म्हणाली, "You were shoveling?" मी हो म्हटलं.

माझं बोलणं संपल्यावर तिने विचारलं, "तुमचं मत दुसऱ्याला होतं ना? बाबा सांगायचे."

"हो."

"आणि ते रोज म्हणत होते, one of those is mine. You were standing right there, दादा."

"होतो."

"सही केली असतीत तर कोणाला कळलं असतं?"

"कोणालाच नाही."

"मग?"

"मला करता आली नाही."

तिने पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. रडली नाही, रागावलीही नाही. तिच्या चेहऱ्यावर मला वाचता येण्यासारखं काही नव्हतं.

"आणि त्यांना सांगताही आलं नाही," ती म्हणाली.

मी नाही म्हटलं. तिने पत्र आपल्या पर्समध्ये ठेवलं आणि पुढचं खोकं उघडलं. माझ्या बायकोने दोघांना एक वाजता जेवायला बोलावलं होतं. मी तशी आठवण करून दिली तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मला अजून बरंच आवरायचं आहे."